युरोपचा डीएमए कायदा फसला का? ॲप स्टोअरच्या भांडणातली खरी मेख

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्ट, म्हणजे डीएमए, आणून ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची ॲप-दुकानं येऊ द्यायला लावली. मार्च २०२४ पासून ते लागूही झालं. पण जर्मनीत राहणाऱ्या भावाच्या फोनवर काहीच वेगळं दिसत नाही, त्याने अशा दुसऱ्या दुकानाचं नावही ऐकलेलं नाही. मग हा कायदा फसला म्हणायचा का, आणि पुण्यात बसून ॲप बनवणाऱ्याने त्यात लक्ष घालावं का?

मी युरोपातल्या कंपन्यांच्या ॲपमधली सबस्क्रिप्शन आणि पेमेंटची बाजू सांभाळते, त्यामुळे हे नियम माझ्या रोजच्या कामाचे आहेत. माझं मत आधीच सांगते. कायदा फसलेला नाही, पण बहुतेकांचं लक्ष चुकीच्या कलमावर आहे. दुसरी दुकानं ही बातमीत उठून दिसणारी गोष्ट. पैसा आणि मोकळीक या दोन्हींचा निकाल मात्र वेगळ्याच प्रश्नावर लागणार आहे: डेव्हलपरला आपल्याच ग्राहकाला ‘हेच माझ्या वेबसाइटवर स्वस्त मिळतं’ असं ॲपमध्ये सांगता येतं का, आणि सांगितल्यावर त्या विक्रीवर ॲपलला किती द्यावं लागतं? कायद्याने पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर दिलं. दुसऱ्या अर्ध्या भागाचा दर ठरवण्याचं काम ॲपलच्याच हातात राहिलं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

थोडं मागे जाऊ. ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये ५०० ॲपनिशी सुरू झालं, तेव्हापासून कमिशन ३० टक्के. पुढे दुसऱ्या वर्षात गेलेल्या सबस्क्रिप्शनवर ते १५ टक्क्यांवर आलं, आणि २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्या लहान डेव्हलपरांनाही १५ टक्के लागू झालं. पण कमिशनइतकाच त्रासदायक दुसरा नियम होता. ॲपमध्ये डिजिटल वस्तू विकायची तर ॲपलच्याच पेमेंटमधून, आणि बाहेर दुसरा मार्ग आहे हे ॲपमध्ये लिहायचंसुद्धा नाही. आमच्या धंद्यात याला ॲंटी-स्टिअरिंग म्हणतात. स्पॉटिफायचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. काही काळ त्यांनी आयफोन ॲपमधून सबस्क्रिप्शन विकलं, बाहेर ९.९९ युरो असलेलं तेच सबस्क्रिप्शन ॲपमध्ये १२.९९ युरो होतं. नंतर त्यांनी ॲपमधली विक्रीच बंद केली. मग परिस्थिती अशी झाली की माणूस ॲप उघडतो, त्याला पैसे द्यायची इच्छा असते, पण कुठे द्यायचे हे ॲप त्याला सांगू शकत नाही.

स्पॉटिफायने मार्च २०१९ मध्ये युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेकडे, तक्रार केली. निकाल लागला मार्च २०२४ मध्ये, दंड १८० कोटी युरोंहून जास्त. त्यातला नेहमीच्या हिशोबाने येणारा भाग फक्त सुमारे चार कोटी युरोंचा होता. उरलेला जरब बसावी म्हणून एकरकमी चढवलेला. एका साध्या वाक्यावरची बंदी चुकीची होती हे ठरायला पाच वर्षं लागली. गूगल शॉपिंगचं प्रकरण तर त्याहून जुनं: २०१० मध्ये चौकशी सुरू, २०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड, आणि सर्वोच्च पातळीवरचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये. इतकी वर्षं भिजत घोंगडं पडलं की तोवर तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांचा धंदाच बसतो. डीएमए का आला याचं उत्तर या तारखांतच आहे. आधी गुन्हा होऊ द्यायचा, मग बाजाराची व्याख्या करायची, मग नुकसान सिद्ध करायचं, ही पद्धत या क्षेत्राच्या वेगाला पुरत नाही. म्हणून नवा कायदा उलट्या दिशेने चालतो: कंपनी अमुक आकाराची झाली की तिने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं.

आकाराची कसोटीही कायद्यातच आहे. युरोपातली वार्षिक उलाढाल ७५० कोटी युरो किंवा बाजारमूल्य ७,५०० कोटी युरो, शिवाय युरोपीय संघात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते आणि वर्षाला दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांना गेटकीपर, म्हणजे हे नियम पाळावेच लागणाऱ्या बड्या कंपन्या, ठरवलं, मे २०२४ मध्ये बुकिंग डॉट कॉमची मालक बुकिंग कंपनी त्यात आली. नियम मोडला तर जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, पुन्हापुन्हा मोडला तर २० टक्क्यांपर्यंत.

पण डीएमएच्याही आधी एक लहानसं प्रकरण घडलं होतं, आणि मला विचाराल तर पुढचं सगळं नाटक त्यातच दिसून आलं होतं. नेदरलँड्सच्या स्पर्धा नियामकाने २०२१ मध्ये आदेश दिला की डेटिंग ॲपना ॲपलखेरीज दुसरं पेमेंट वापरू द्या. ॲपलने पाळला नाही. दर आठवड्याला ५० लाख युरो दंड सुरू झाला, दहा आठवड्यांत कमाल मर्यादा, म्हणजे पाच कोटी, भरून झाली. शेवटी ॲपलने परवानगी दिली, पण बाहेरच्या पेमेंटवर २७ टक्के कमिशन लावून. कार्डने पैसे घ्यायचा खर्चच दोन-तीन टक्के असतो. म्हणजे दुसरं पेमेंट वापरून डेव्हलपरच्या हाती उरतं शून्य, वर दोन हिशोब ठेवण्याचं काम. परवानगी कागदावर पूर्ण होती आणि ती वापरण्याचं एकही कारण उरलेलं नव्हतं.

हाच आकडा मग जगभर फिरला. दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये कायदा केला, तिथे ॲपलने २६ टक्के लावले. भारतात गूगलने दुसऱ्या बिलिंगचा पर्याय दिला तेव्हा कमिशन ३० चं २६ आणि १५ चं ११ झालं. अमेरिकेत फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने ॲपलवर केलेल्या खटल्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने बाहेरच्या लिंकवर पुन्हा २७ टक्के ठेवले. तिथे मात्र न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी एप्रिल २०२५ मध्ये हा आपल्या आदेशाचा अवमान असल्याचं ठरवलं आणि लिंकवरच्या विक्रीवर कमिशनच घ्यायचं नाही असं सांगितलं. वरच्या न्यायालयाने पुढे अवमानाचा निष्कर्ष कायम ठेवला, शून्य कमिशनची अट मात्र सैल केली. तरीही त्या निकालानंतर काही दिवसांतच स्पॉटिफायच्या अमेरिकी ॲपमध्ये किंमत आणि थेट बाहेर नेणारं बटण दोन्ही दिसायला लागलं. त्याच वेळी युरोपात, जिथे इतका मोठा कायदा झाला होता, तिथे ऑगस्ट २०२४ पासून स्पॉटिफाय ॲपमध्ये फक्त किंमत लिहू शकत होतं, दाबता येईल अशी लिंक नव्हती. एका न्यायाधीशाच्या आदेशाने जे काही दिवसांत झालं ते २७ देशांच्या कायद्याने वर्षभरात झालं नाही, ही गोष्ट ब्रुसेल्समधल्या लोकांनी मनावर घ्यायला हवी.

आता युरोपात नेमकं काय झालं ते पाहू. जानेवारी २०२४ मध्ये ॲपलने डीएमए पाळण्यासाठीच्या अटी जाहीर केल्या. नव्या अटी घेतल्या तर ॲप स्टोअरवरचं कमिशन १७ टक्के, लहानांना १० टक्के, ॲपलचं पेमेंट वापरलं तर वर तीन टक्के. ऐकायला चांगलं वाटतं. गोम पुढच्या ओळीत होती: कोअर टेक्नॉलॉजी फी. वर्षात दहा लाखांच्या पुढे जे इन्स्टॉल होतील त्या प्रत्येकावर ५० सेंट, ॲप कुठल्याही दुकानातून आलं तरी.

हिशोब करून पाहा. समजा तुमचं ॲप फुकट आहे, थोड्या लोकांकडून पैसे येतात, आणि युरोपात वर्षाला २० लाख इन्स्टॉल आहेत. पहिले दहा लाख माफ, उरलेल्या दहा लाखांवर पाच लाख युरो. म्हणजे साधारण पाच कोटी रुपये, दरवर्षी, तुमची कमाई कितीही असो. जुन्या अटींत कमाई नसेल तर कमिशनही नव्हतं. त्यामुळे ज्यांच्याकडे भरपूर वापरकर्ते आणि प्रत्येकामागे थोडी कमाई, अशा ॲपना, म्हणजे दुसऱ्या दुकानाला गर्दी खेचून देऊ शकतील अशाच ॲपना, जुन्याच अटीत राहणं परवडायचं. एक ग्राहक मला विचारायचा की नव्या अटी घ्याव्या का. मी एक्सेलची शीट करून दिली, त्याने ती पाहिली आणि विषय संपला. टीका झाल्यावर ॲपलने पैसे न कमावणाऱ्या ॲपना आणि लहान डेव्हलपरांना काही सवलती दिल्या, पण मधल्या आकाराच्या धंद्याचं कोडं तसंच राहिलं.

दुकान काढणाऱ्यांसाठी वेगळ्या अटी. सुरुवातीला दहा लाख युरोंची बँकेची हमी मागितली होती. ग्राहकाला दुसरं दुकान घ्यायचं तर आधी वेबसाइटवर जायचं, परवानगी नाकारली गेल्याचा संदेश पाहायचा, सेटिंगमध्ये जाऊन त्या डेव्हलपरला मान्यता द्यायची, परत येऊन पुन्हा बटण दाबायचं, इशारे वाचायचे. एपिकच्या म्हणण्यानुसार या १५ पायऱ्या होत्या आणि बरीच माणसं मध्येच सोडून देत. २०२५ च्या उन्हाळ्यात त्या सहावर आल्यावर गळती बरीच कमी झाली. मी पेमेंटच्या पडद्यांवर काम करते, एक जास्तीचं बटण किती लोकांना गमावतं हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे या आकड्यांचं मला नवल वाटलं नाही.

तरी काही दुकानं उभी राहिली. एप्रिल २०२४ मध्ये ऑल्टस्टोअर पाल आलं, मग पोर्तुगालचं ॲप्टॉइड, ऑगस्टमध्ये एपिकचं दुकान फोर्टनाइट घेऊन. युक्रेनी मूळ असलेल्या मॅकपॉ कंपनीने सेटॲप मोबाइल आणलं आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये ते बंदही केलं, सतत बदलणाऱ्या आणि गुंतागुंतीच्या व्यापारी अटींकडे बोट दाखवून. तुमच्या भावाने यांची नावं ऐकली नसतील तर त्यात आश्चर्य नाही. सर्वसाधारण माणसाला दुसरं दुकान नकोच असतं. त्याला हवं ते ॲप एका ठिकाणी मिळालं की तो खूश असतो. आणखी एक बारकावा, युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल असा: युरोपातली ही सोय युरोपीय संघात राहणाऱ्यांपुरतीच आहे. थोड्या दिवसांच्या प्रवासाला ॲपल सूट देतं, पण सुट्टीत महिन्याहून जास्त भारतात राहिलात तर दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या ॲपचे अपडेट थांबू शकतात. ॲप फोनवर राहतं, फक्त जुनं होत जातं.

म्हणून मी म्हणते की यशापयश दुकानांच्या संख्येवर मोजू नका. भावाला विचारा, पेपॅलने दुकानात फोन टेकवून पैसे देतोस का? मे २०२५ पासून जर्मनीत आयफोनवर ते चालतं. पूर्वी आयफोनमधली एनएफसी चिप, म्हणजे फोन टेकवून पैसे देता येतात ती चिप, फक्त ॲपल पेसाठी राखीव होती. जुलै २०२४ मध्ये आयोगाने ॲपलकडून दहा वर्षांची बंधनकारक हमी घेतली आणि ती इतरांसाठी उघडली. डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या व्हिप्स या पेमेंट ॲपने पहिल्यांदा तिचा वापर केला. हे डीएमएखाली झालं नाही, जुन्याच स्पर्धा कायद्याखाली झालं. पण फरक कशामुळे पडला ते पाहण्यासारखं आहे: एनएफसी वापरायचे पैसे ॲपलने घ्यायचे नाहीत, हे त्या हमीतच लिहिलेलं होतं. दराचा प्रश्न आधीच मिटवला आणि वर्षभराच्या आत खऱ्या लोकांच्या हातात खरी सोय आली.

डीएमएमधला ॲंटी-स्टिअरिंगचा नियम म्हणतो की डेव्हलपरला आपल्या ऑफर कळवू द्या, आणि तेही मोफत. या ‘मोफत’चा अर्थ काय, यावर सगळा वाद आहे. ॲपलचं म्हणणं, कळवणं मोफत आहे, पण आमच्या व्यासपीठावरून ग्राहक मिळाला त्याचा मोबदला घेण्याचा हक्क आम्हाला आहे. आयोगही म्हणतो की पहिल्यांदा ग्राहक मिळवून दिल्याचं काहीतरी शुल्क चालेल, पण ते त्यापलीकडे जाता कामा नये. २३ एप्रिल २०२५ रोजी आयोगाने याच मुद्द्यावर ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड केला. त्याच दिवशी मेटाला ‘पैसे द्या नाहीतर माहिती द्या’ या योजनेसाठी २० कोटींचा. ॲपल न्यायालयात गेलं.

पण न्यायालयात जाण्याआधी, जूनच्या अखेरीस, ॲपलने नव्या अटी आणल्या, कारण रोजचा दंड सुरू होण्याची टांगती तलवार होती. या अटी वाचून त्या ग्राहकाला समजावून सांगणं हे माझ्या कामातलं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात अवघड काम होतं. एकाऐवजी तीन शुल्कं आली. ग्राहक नवा असताना सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी दोन टक्के. मग ‘स्टोअर सेवा’ शुल्क, दोन पातळ्यांचं: वरच्या पातळीला १३ टक्के, खालच्याला पाच. आणि इन्स्टॉलवरच्या ५० सेंटऐवजी विक्रीवर पाच टक्के. म्हणजे दहा युरोंच्या सबस्क्रिप्शनवर वरच्या पातळीत दोन युरो, खालच्यात एक युरो वीस सेंट, आणि कार्डचा खर्च वेगळा.

खालची पातळी स्वस्त दिसते, पण तिच्यात काय नाही ते बघा. ॲप आपोआप अपडेट होत नाही. रेटिंग आणि अभिप्राय नाहीत. शोधात तुमचं नाव अचूक टाइप केलं तरच ॲप दिसतं. सुरक्षेची दुरुस्ती लोकांपर्यंत आपोआप पोहोचणार नसेल तर बँकिंग किंवा आरोग्याचं ॲप ती पातळी घेऊच शकत नाही. मला हे मनापासून खटकतं. आपोआप अपडेट ही दुकानाची जाहिरात-सेवा नव्हे, ती फोन वापरणाऱ्याची सुरक्षितता आहे. सुरक्षिततेसाठी आपण हे सगळं करतो असं सांगणाऱ्या कंपनीने तिलाच दरपत्रकावर लावावं, हे मला पटत नाही.

तरीही सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही, आणि डीएमएचे समर्थक तो जितक्या सहज उडवून लावतात तितका हलका नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (थेट ॲप बसवणारी अँड्रॉइडची फाइल) उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत, महाराष्ट्रातही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला अशी फाइल आली तर काय होईल, ही भीती मलाही आहे. पण युरोपात आयफोनवर जे उघडलं ते असं मोकळं रान नाही. दुसऱ्या दुकानातून येणारं प्रत्येक ॲप ॲपलच्या नोटरायझेशनमधून जातं, म्हणजे त्यात मालवेअर आहे का, ते सांगितलंय तेच करतं का, हे ॲपल तपासतंच. ॲपची एकमेकांपासूनची विभागणी, कॅमेरा-संपर्क-ठिकाणाची परवानगी, हे सगळं दुकानाचं काम नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचं आहे, आणि ते दुकान बदललं तरी टिकतं. जे टिकत नाही ते वेगळं आहे: मजकुराची छाननी. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑल्टस्टोअरवरून एक अश्लील मजकुराचं ॲप आयफोनवर आलं, तेव्हा ॲपलने यावर जोरदार आक्षेप घेतला. पालकांच्या दृष्टीने तो आक्षेप रास्त आहे.

त्याहून मोठा खरा तोटा मला सबस्क्रिप्शनमध्ये दिसतो. आज आयफोनवर सगळी सबस्क्रिप्शन एका पडद्यावर दिसतात आणि दोन टॅपमध्ये बंद होतात. बाहेरच्या वेबसाइटवर घेतलेलं सबस्क्रिप्शन तिथे दिसत नाही, मुलांनी खरेदी करण्याआधी आईबाबांची परवानगी मागणारी सोयही तिथे लागू होत नाही. रद्द करण्याचं बटण शोधायला लावणाऱ्या वेबसाइट मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आयोगाने डेव्हलपरांना बाहेरची वाट मोकळी करून देताना, बाहेर विकणाऱ्यानेही तितक्याच सहज रद्द करू दिलं पाहिजे अशी अट जोडायला हवी होती. ग्राहक हक्काचे कायदे युरोपात आहेत, पण ते वेगळ्या खात्यात, वेगळ्या वेगाने चालतात.

भावाच्या फोनवर आणखी एक गोष्ट दिसली असेल, नव्हे, दिसली नसेल: काही नव्या सोयी. ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलच्या एआय सोयींचा संच, युरोपीय संघातल्या आयफोनवर मार्च २०२५ च्या अखेरीस पोहोचलं, इतरांपेक्षा काही महिने उशिरा. मॅकवर आयफोनचा पडदा दाखवणारी सोय युरोपात आलीच नाही. एअरपॉड्सचं थेट भाषांतर सप्टेंबर २०२५ मध्ये युरोप वगळून सुरू झालं आणि तिथे वर्षाच्या अखेरीस आलं. ॲपल म्हणतं, इतर कंपन्यांच्या उपकरणांशी जुळवून घेण्याच्या सक्तीमुळे उशीर होतो, आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी हा कायदाच मागे घ्यावा अशी मागणी केली. यात थोडं तथ्य आहे. मार्च २०२५ मध्ये आयोगाने घड्याळं, हेडफोन यांच्यासाठी आयफोनच्या कोणत्या सोयी इतरांना कशा द्यायच्या हे तपशिलात लिहून दिलं. इतका तपशील नियामकाने लिहायचा म्हटल्यावर अभियंत्यांचं काम वाढणारच. पण त्यात दबावाचाही भाग आहे, असं माझं मत आहे. ग्राहकाला सोय उशिरा मिळाली की राग कायद्यावर निघतो, हे दोन्ही बाजूंना माहीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने युरोपात होम स्क्रीनवरची वेब ॲप (वेबसाइटच ॲपसारखी उघडणारी) बंद करायला घेतली होती; डेव्हलपरांनी आवाज उठवला आणि आयोगाने विचारणा केली, तेव्हा १ मार्चला निर्णय मागे घेतला.

गूगलबद्दल कमी लिहिते, कारण अँड्रॉइडवर दुसरी दुकानं आधीपासून चालतात. तिथेही वाद बाहेर नेण्यावरच्या शुल्काचाच आहे. मार्च २०२५ मध्ये आयोगाने प्ले स्टोअरच्या याच अटींवर प्राथमिक आक्षेप घेतले, आणि ऑगस्टमध्ये गूगलने शुल्काची रचना बदलत असल्याचं जाहीर केलं.

आता पुण्याकडे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन दंड केले, १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपये. दुसरा, प्ले स्टोअरवरच्या पेमेंटच्या अटींबद्दलचा, अपिलात मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप काढून टाकली, त्यात विवाह जुळवणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या मोठ्या ॲपचा समावेश होता. सरकारने लक्ष घातल्यावर ती परत आली. त्याच महिन्यात डीएमएच्या धर्तीवरच्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला आणि मग गाडी रखडली. आपल्याकडे हा कायदा जेव्हा कधी येईल, तेव्हा युरोपच्या अनुभवातून एकच गोष्ट उचलली तरी पुरे: बाहेरच्या विक्रीवर जास्तीत जास्त किती शुल्क घेता येईल हे ठरवण्याचा अधिकार कायद्यातच नियामकाकडे ठेवावा. नाहीतर २६ टक्क्यांचा आकडा आपण पुन्हा पाहू.

तुम्ही स्वतः युरोपात ॲप विकत असाल तर डीएमएपेक्षा आधी तिथल्या दुसऱ्या कायद्याकडे, डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टकडे बघा. त्याखाली पैसे कमावणाऱ्या डेव्हलपरला ‘ट्रेडर’ म्हणून नोंद करावी लागते, आणि तुमचा पत्ता, फोन आणि ईमेल युरोपातल्या ॲप स्टोअरच्या पानावर सगळ्यांना दिसतो. ही माहिती न दिलेली ॲप ॲपलने १७ फेब्रुवारी २०२५ पासून युरोपातून काढून टाकली. घरून काम करणाऱ्या एकट्या डेव्हलपरचा घरचा पत्ता असा जगासमोर येतो, विशेषतः मुलींना मी हे मुद्दाम सांगते. वैयक्तिक खातं असेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो. कामासाठी वेगळा फोन नंबर घ्या.

बाहेरच्या पेमेंटचा मोह झाला तर आधी व्हॅटचा, म्हणजे तिथल्या विक्रीवरच्या कराचा, विचार करा. ॲप स्टोअरमधून विकता तेव्हा युरोपचा व्हॅट ॲपल गोळा करून भरतं. स्वतः विकलं की ती जबाबदारी तुमची, आणि युरोपबाहेरच्या विक्रेत्याला अगदी पहिल्या एका युरोच्या विक्रीपासून. दर देशागणिक वेगळा: लक्झेंबर्गमध्ये १७ टक्के, हंगेरीत २७. एकाच ठिकाणी नोंदणी करून भरण्याची सोय आहे, पण विवरणपत्रं, परतावे, कार्ड कंपनीकडून परत मागितलेले पैसे हे सगळं तुमच्या डोक्यावर. हे काम करून देणाऱ्या सेवा प्रत्येक व्यवहारावर साधारण पाच टक्के आणि वर अर्धा डॉलर घेतात. तुमचं सबस्क्रिप्शन महिन्याला तीन युरो असेल तर तो अर्धा डॉलरच जवळपास सातवा हिस्सा खाऊन टाकतो, आणि ॲपलचं शुल्क वेगळं. तुम्ही १५ टक्क्यांच्या गटात असाल आणि दर महिन्याचं लहान सबस्क्रिप्शन विकत असाल, तर आजच्या अटींत आहात तिथेच राहा. वार्षिक सबस्क्रिप्शन ४०-५० युरोंच्या पुढे असेल, ग्राहक तुमच्या वेबसाइटवरही येत असेल, आणि कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली असेल, तर मात्र शीट मांडून बसा. मांडताना तीन शुल्कं, कार्डचा खर्च, व्हॅटचं काम आणि वाटेत गळणारे ग्राहक हे पाचही रकाने ठेवा. शेवटचा रकाना लोक विसरतात आणि बहुतेक वेळा निकाल त्याच्यावरच फिरतो.